अठ्ठेचाळिसावी आली तरी एवढी खुश का?

मागच्या अंकात इंटरकॉलेज क्रॉस कंट्रीवर, म्हणजे ट्रॅक सोडून माती, शेतं, चढउतारातून पळायच्या रेसवर, मी चारच ओळी लिहिल्या होत्या, की सीझन आलाय, पहाटे गंगापूर रोडला नाहीतर म्हसरूळकडे कॉलेजची पोरं पळताना दिसली तर गाडी जरा हळू घ्या. त्यावर एवढे मेसेज आणि पत्रं आली की या वेळचा सगळा कॉलम त्यालाच देतेय. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नाव कुणाचंच छापत नाहीये.

प्रश्न: ताई नमस्कार. माझी मुलगी एसवायबीकॉमला आहे, यंदा पहिल्यांदाच कॉलेजच्या क्रॉस कंट्री टीममधे गेली. झोनलला 48वी आली. मी म्हटलं असू दे बेटा, पुढच्या वर्षी बघू, तर म्हणे पप्पा आम्ही थर्ड आलो! घरी आली ती नाचतच, पायाला चिखल, गुडघा खरचटलेला, रात्री एक वाजेपर्यंत ग्रुपवर फोटो चालू. टीममधल्या तिच्या पुढच्या तिघींचे नंबर 9, 14 आणि 21, आणि चौथ्या कॉलेजच्या आम्ही दोन पॉइंटनी पुढे, एवढंच तिनं सांगितलं. मी स्वतः कबड्डी खेळलोय, जिंकणं हरणं मला कळतं. पण 48वा नंबर आणि एवढा आनंद हे काही कळत नाही. (एक वडील, सिडको)

उत्तर: दादा, तुम्ही सगळ्यांचे नंबर लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण उत्तर त्या नंबरातच आहे. बेरीज करून बघा. 9, 14, 21 आणि 48, झाले 92. म्हणजे चौथ्या कॉलेजचे 94. क्रॉस कंट्रीत टीमच्या सहा जणी पळतात, त्यातल्या पहिल्या चार जणींचे नंबर मिळवतात आणि ज्यांची बेरीज कमी ते पुढे. आता लेकीला एवढंच विचारा की शेवटच्या किलोमीटरला तू किती जणींना मागे टाकलंस. तिला आकडा पाठ असणार, हे मी पैजेवर सांगते. समजा ती म्हणाली तीन. त्या तिघी पुढेच राहिल्या असत्या तर ती 51वी, बेरीज 95, आणि कप दुसऱ्या कॉलेजच्या बसमधून गेला असता. तो कप तुमच्या 48व्या नंबरच्या मुलीनं आणलाय दादा, 9वी आलेली तर 9वी येणारच होती.

अजून एक गंमत बघा. एका कॉलेजच्या मुली आल्या 1, 2, 3 आणि 30. दुसऱ्या कॉलेजच्या आल्या 6, 7, 8, 9. पहिल्या कॉलेजकडे तिन्ही मेडल, फोटो त्यांचे, पेपरात नाव त्यांचं. पण बेरीज त्यांची 36 आणि दुसऱ्यांची 30, म्हणजे ट्रॉफी दुसऱ्यांची. एकटी कितीही भारी असली तरी टीमची मागची बाजू कच्ची असेल तर उपयोग नाही, आणि ज्या दोघींचे नंबर धरतच नाहीत त्या पाचवी सहावीसुद्धा समोरच्या टीमच्या चौथीच्या पुढे घुसल्या तर तिचा नंबर खाली ढकलतात, त्यांची बेरीज वाढवतात. म्हणजे स्वतःचा नंबर कुठेही लिहिला जात नसताना त्या टीमसाठी पळत असतात. आंतरराष्ट्रीय नियमात तर असंय की दोन टीमची बेरीज सारखी आली तर ज्या टीमची शेवटची मोजलेली खेळाडू आधी पोचली ती टीम पुढे. पहिली कोण आली ते बघतच नाहीत, शेवटची बघतात. मला हा नियम फार आवडतो.

तुम्ही कबड्डीतले, म्हणून सांगते. तुमच्यात शेवटचा गडी उरतो तेव्हा अख्खं मैदान त्याच्याकडे बघत असतं, शिट्ट्या, आरडाओरडा. इथे 48व्या नंबरवर पळणाऱ्या मुलीकडे बघायला कुणीच नसतं. द्राक्षबागेच्या कडेचा रस्ता, स्वतःचा श्वास आणि पुढच्या मुलीची पाठ, बास. छातीचा भाता झालेला असतो, पोटात कळ आलेली असते आणि डोक्यात एकच, ती पुढची निळ्या टीशर्टवाली गाठली की एक पॉइंट. असं कुणी बघत नसताना तिनं एक एक पाठ गाठलीय. त्याचा तो नाच होता.

मी हे एवढं ठामपणे का सांगते, तर मी स्वतः तीन वर्षं कॉलेजकडून पळाले आणि तीनही वर्षं टीमची चौथीच होते. आमच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट सांगते. परतीचा पाऊस होऊन गेला होता आणि कोर्समधे, म्हणजे रेसच्या वाटेत, नांगरलेल्या शेताच्या कडेचा एक तुकडा होता, असेल दोनशे मीटरचा. काळी माती तुम्हाला माहितीये. पाऊल टाकलं की तळाला भाकरीसारखा थर, पुढच्या पावलाला त्यावर दुसरा, दहा पावलांत बूट उचलवेना, झटकायला थांबावं तर मागची पुढे जाणार. ते पार करून टर्निंग पॉइंटला आले, तिथे एक सर रबर बँडचा गठ्ठा घेऊन उभे, कुणी मधूनच वळून शॉर्टकट मारू नये म्हणून प्रत्येकीला एकेक द्यायचे, तो मनगटात घालूनच फिनिशला यायचं. माझा हात घामानं आणि चिखलानं ओला, रबर बँड सटकला आणि पडला. वाकले, मातीत दिसेना, बोटांनी चाचपडून उचलला, आणि सरळ झाले तेव्हा दोघी गेल्या होत्या. त्या दोघी मला फिनिशपर्यंत सापडल्या नाहीत. आम्ही एका पॉइंटनी हरलो.

एका पॉइंटनी. मी चुन्याच्या रेषेपलीकडे जाऊन बसले ती उठलेच नाही. आमची पहिली मुलगी त्या दिवशी सगळ्यांत दुसरी आली होती, गळ्यात मेडल होतं, ती आली आणि माझ्याशेजारी बसून काडीनं माझ्या बुटाची माती काढायला लागली, एक शब्द बोलली नाही, दोन्ही बूट साफ होईपर्यंत बसून होती. इतकी वर्षं झाली, आजही तिच्या घरी काही असलं की पहिला फोन मला येतो. ट्रॅकवर मी 800 पण पळले, मेडल पण आहेत एक दोन, पण तिथल्या कुणाचं नाव मला आठवत नाही.

आणि हे फक्त कॉलेजातल्या पोरींचं नाही हो. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमधे क्रॉस कंट्री होती, भयंकर उन्हात, 38 जण पळायला उभे राहिले आणि फक्त 15 पोचले. फिनलंडचा पावो नुर्मी पहिला आला हे सगळ्यांना माहीत असतं. पण फिनलंडला टीमचं गोल्ड मिळायला तीन जण पोचायला हवे होते, आणि त्यांचा तिसरा होता हेक्की लीमाटायनेन, तो 12वा आला, शेवटी पाय टाकवत नव्हता अशा अवस्थेत. तो पोचला नसता तर नुर्मी पहिला येऊनही टीमला काही मिळालं नसतं. ऑलिंपिकमधली क्रॉस कंट्री त्या वर्षीच बंद झाली, पण हा हिशोब अजून तोच आहे.

तेव्हा दादा, आज संध्याकाळी लेकीला समोर बसवा आणि म्हणा सांग बेटा, कोणाकोणाला कुठे गाठलंस. आणि गुडघा डेटॉलनं धुवून घ्यायला सांगा, शेतातली माती असते.

प्रश्न: ताई मी टीवायला आहे, 5000 मीटर ट्रॅकवर 16:40 ला पळतो. पण क्रॉस कंट्रीच्या 10 किलोमीटरला मला 38 मिनिटं लागली आणि ट्रॅकवर जो माझ्या मागे असतो तो मित्र माझ्या पुढे आला. सरांनी पण टायमिंगवरून ऐकवलं. कुठे चुकतंय? (नाशिक रोड)

उत्तर: पहिली गोष्ट, ते 38 मिनिटं विसर. क्रॉस कंट्रीत वर्ल्ड रेकॉर्ड नावाची गोष्टच नाही, का तर दोन कोर्स सारखे नसतात, आणि तोच कोर्स पावसानंतर वेगळा, पंधरा दिवसांनी वाळल्यावर वेगळा. तिथे फक्त नंबर असतो. घड्याळ घरी ठेवून पळ, मी माझ्या पोरांना तेच सांगते.

आता मित्र पुढे का गेला. तू ट्रॅकवाला आहेस, तुझी सवय एका लयीची, प्रत्येक लॅप 80 सेकंद म्हणजे 80. क्रॉस कंट्रीत लय दर दोन मिनिटाला मोडते, चढ आला, ओढा आला, वळण आलं, मुरूम संपून माती लागली, आणि तू प्रत्येक वेळी तीच स्पीड धरायला बघतोस, चढावर स्पीड धरलीस की दम संपला. तिथे स्पीड नाही, जोर सारखा ठेवायचा. चढावर पावलं आखूड, नजर दहा पावलं पुढे, हात जास्त चालवायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चढ संपला की थांबल्यासारखं करायचं नाही! सगळे तिथेच श्वास घेतात, तू माथ्यावरून पुढची वीस पंचवीस पावलं जोर तसाच ठेव, तिथे माणसं सुटतात. तुझा मित्र तेच करत असणार, विचार त्याला. दुसरं म्हणजे सुरुवात. पाचशे मीटरवर वाट अरुंद होते, मागे अडकलास तर बांधावरून ओव्हरटेक करता येत नाही, म्हणून पहिले दोन मिनिट जरा जास्तच जोरात निघायचं आणि मग स्थिर व्हायचं. ट्रॅकवर याला चूक म्हणतील, इथे गरज आहे.

प्रॅक्टिस कुठे करतोस ते तू लिहिलं नाहीस पण गोल्फ क्लबलाच करत असशील तर तो ट्रॅक सपाट आहे आणि सकाळी गर्दी पण असते. आठवड्यातून एकदा तरी चांभार लेणीच्या पायथ्याला नाहीतर पांडवलेणीकडे जा, साठ सत्तर सेकंदाचा चढ शोध, आठ वेळा वर जोरात आणि खाली अगदी हळू. पायऱ्यांवरून पळत उतरायचं नाही, गुडघे आयुष्यभर लागणारेत. रविवारी लांब पळायला मातीचा रस्ता निवड, डांबर नको. स्पाइक्सचं, म्हणजे तळाला खिळे असलेल्या बुटांचं, पण बरेच जण विचारतात. चिखल आणि गवत असेल तरच स्पाइक्स, आपल्याकडे बऱ्याच कोर्सला कडक मुरूम असतो, त्यावर खिळे रुततच नाहीत आणि पोटऱ्या धरतात. साधे हलके, तळाला पकड असलेले बूट बास. आदल्या दिवशी कोर्स पायी चालून ये आणि मग ठरव.

सरांना सांग की पुढच्या वेळी नंबर विचारा.

प्रश्न: मी सुरगाण्याकडची आहे, नाशिकला होस्टेलला राहून शिकते. कॉलेजच्या टीममधे मी पहिली येते. पण या वर्षी दोन महिन्यांपासून लवकर दम लागतो, पाय जड होतात, आणि घरचे म्हणतात पळून काय मिळणार, भरतीची तयारी कर नाहीतर सोड. मला सोडायचं नाहीये. काय करू ताई?

उत्तर: आधी तब्येत, मग बाकीचं. दोन महिने लवकर दम लागतोय म्हणजे तू आळशी झालेली नाहीस, हे डोक्यातून काढ. या आठवड्यात सिव्हिलला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि हिमोग्लोबिन तपासून घे, जमलं तर फेरिटिन पण, म्हणजे शरीरात लोह साठलेलं किती आहे ते कळतं. लांब पळणाऱ्या मुलींमधे हे फार दिसतं, पाळीत रक्त जातं, घामातून थोडं लोह जातं आणि होस्टेलचं जेवण कसं असतं ते तुला मी सांगायला नको. आणि एक विचारते, पाळी वेळेवर येतेय ना? लांबली किंवा बंद झाली तर बरं झालं कटकट गेली असं समजू नकोस, ते खाणं कमी आणि पळणं जास्त झाल्याचं लक्षण असू शकतं, हाडं कच्ची होतात त्यानं. डॉक्टरांना सरळ सांग, लाजायचं नाही. गोळ्या त्यांनी दिल्या तरच घ्यायच्या, मैत्रिणीच्या घ्यायच्या नाहीत. घरून येताना नागलीचं पीठ आण, शेंगदाणे आणि गूळ खोलीत ठेव, जेवताना लिंबू पिळ, आणि जेवणाबरोबर चहा बंद, चहानं लोह अंगी लागत नाही. रिपोर्ट येईपर्यंत फक्त हळू पळ.

आता घरच्यांचं. भरती आणि क्रॉस कंट्री यांचं भांडण नाहीच मुळी. पोलीस भरतीत मुलींना 800 मीटर असतं, जी 10 किलोमीटर शेताशेतातून पळते तिला थोडा स्पीडचा सराव केला की 800 ला भीती राहत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्याला कुठलं मेडल चालतं ते नियम जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन नीट विचारून घे आणि प्रत्येक सर्टिफिकेट जपून ठेव, झेरॉक्स वेगळी फाइल करून.

पण हे सगळं घरच्यांना सांगायला झालं. तुला म्हणून वेगळं सांगते. कविता राऊत हरसूलकडच्या सावरपाड्याची, तुझ्याच बाजूची, नाशिकला विजेंद्र सिंग सरांकडे तयार झाली आणि 2010 ला दिल्लीच्या कॉमनवेल्थमधे 10,000 मीटरला ब्राँझ आणलं, त्या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक मेडल घेणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या एशियन गेम्सला सिल्व्हर. संजीवनी जाधव नाशिकला कॉलेजात असताना 2017 ला तैपेईच्या वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्सला 10,000 मधे सिल्व्हर घेऊन आली. तू तिथपर्यंत जाशील की नाही हे मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकत नाही. पण चढउताराच्या रस्त्यावर लहानपणापासून चालून जे पाय तयार होतात ते तुझ्याकडे आहेत, आणि तुझं मन पळायचं म्हणतंय. बाबांना एकदा रेस बघायला बोलाव. येण्याजाण्याचा प्रश्न असेल तर मला कळव, माझ्या ओळखीचे लोक आहेत त्या बाजूला.

प्रश्न: आमचा भाचा अमेरिकेत इंडियानामधे शिकतो, फोनवर सारखं कॉलेज क्रॉस कंट्रीचं सांगत असतो. स्टेडियम नाही, तिकीट नाही, तरी हजारो लोक गवतात उभे राहून ओरडतात म्हणे. आपल्यासारखंच असतं का तिकडे? (कॉलेज रोड)

उत्तर: बरंचसं तसंच. त्यांच्याकडे सात जण पळतात आणि पाच जणांचे नंबर धरतात, त्यामुळे परफेक्ट स्कोअर 15, पहिले पाचही आपलेच. नॅशनलला मुलं 10 किलोमीटर आणि मुली 6 किलोमीटर. तिकडच्या कॉलेज खेळांची संस्था एनसीएए, तिची मुलांची नॅशनल 1938 पासून आहे आणि तिच्या नॅशनलसाठी मुलींना मात्र 1981 पर्यंत वाट बघावी लागली, हे वाचून मला वाईट वाटलं होतं. भाचा इंडियानात आहे तर त्याला टेरे हॉटला जायला सांगा, तिथे खास क्रॉस कंट्रीसाठीच बांधलेला कोर्स आहे, जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर. आपल्याकडे असा एक कायमचा कोर्स हवा असं मला मनापासून वाटतं, एवढ्या टेकड्या आहेत नाशिकच्या आजूबाजूला.

आणि ते गवतातल्या गर्दीचं खरं आहे. एका जागी उभं राहून रेस दिसतच नाही, म्हणून लोक स्वतःच पळतात, एक किलोमीटरला बघितलं की मैदान ओलांडून तीन किलोमीटरच्या खुणेकडे, तिथून परत फिनिशकडे. आईवडील, आजीआजोबा, जुने खेळाडू सगळे. दोरीच्या पलीकडून हातभर अंतरावरून पोरं जातात, त्यांच्या तोंडावरची लाळ दिसते, श्वास ऐकू येतो, पायाखालची जमीन दणदणते. शंभर दीडशे जण एकदम आले की तो आवाज जो येतो ना, तो मी आमच्याकडे सत्तर मुलींचा ऐकलाय आणि अजून कानात आहे. हेन्री रोनो नावाचा केनियाचा मुलगा तिकडे वॉशिंग्टन स्टेटकडून 1976, 1977 आणि 1979 ला नॅशनल जिंकला, मधल्या 1978 ला त्यानं 81 दिवसांत चार वर्ल्ड रेकॉर्ड मोडले होते. एवढा मोठा माणूस आणि तोसुद्धा तसाच चिखलात, कॉलेजचा बनियन घालून, टीमच्या बेरजेतला एक आकडा म्हणून पळायचा.

प्रश्न: नातवाची रेस बघायला येणार आहे, वय 66. सायकलवरून त्याच्या बाजूनं चाललो तर चालेल का? त्याला पाणी पण देता येईल. (पंचवटी)

उत्तर: काका, तसं अजिबात करू नका, बाजूनं सायकल चालवणं म्हणजे बाहेरची मदत धरतात, पोरगा बाद होऊ शकतो आणि टीमची बेरीज पण जाऊ शकते. सायकल गेटवर लावा, टोपी घाला, आणि आयोजकांना विचारून शेवटच्या चढाच्या वरच्या टोकाला उभे रहा. नाव घेऊन हाक मारा, आणि पुढच्याला किती अंतर आहे ते मोठ्यानं सांगा, नुसतं पळ पळ नको. तो गेला तरी लगेच निघू नका, त्याच्या टीमचे बाकीचे पाच यायचे असतील.